नदीची दुसरी पातळी

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे लागते. ‘आता किती फूट?’ हा प्रश्न रिक्षात, मंडईत, दूध संस्थेत आणि रुग्णालयाच्या वॉर्डातही ऐकू येतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, किती बंधारे पाण्याखाली गेले, कोणता रस्ता बंद झाला, याची माहिती दिवसातून अनेकदा मिळते. पाणी ३९ फुटांकडे सरकले की नदीकाठची घरे सामान माळ्यावर चढवतात. त्याहून वाढू लागले की चिखली-आंबेवाडीकर जनावरे घेऊन बाहेर पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा या एका आकड्यावर किती जीव अवलंबून असतात ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आता हाच प्रश्न एप्रिल-मे महिन्यात विचारून पाहा. आज पंचगंगेच्या पाण्यात प्राणवायू किती आहे? इचलकरंजीच्या बंधाऱ्याशी मैलाजंतूंचे प्रमाण काय? तेरवाडला अमोनिया वाढला आहे का? याची उत्तरे रिक्षावाल्याला माहीत नसतात, डॉक्टरला माहीत नसतात आणि बऱ्याचदा ज्या गावाला ते पाणी जाते त्या गावच्या सरपंचालाही माहीत नसतात.

नदीला दोन पातळ्या असतात. एक पाण्याच्या उंचीची, दुसरी पाण्याच्या प्रतीची. पहिली ओलांडली की माणसे बुडतात आणि ते सर्वांना दिसते. दुसरी ओलांडली की माणसे आजारी पडतात, आणि ते काही आठवड्यांनी फक्त आमच्या ओपीडीत दिसते. म्हणूनच वैद्यकातल्या माणसाने या दुसऱ्या पातळीबद्दल लिहायला हवे असे मला वाटते.

नदीची नाडी कशी पाहतात?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकत्र येऊन प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा वाहू लागते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. सह्याद्रीतून येणारे हे पाणी मुळात चांगले. पुढे त्यात शहरांचे आणि गावांचे सांडपाणी, कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी, साखर पट्ट्यातील सांडपाणी आणि उसाच्या शेतातून धुऊन येणारी खते मिसळतात. त्यातच नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे घातले की पाणी अडते. शेतीसाठी ते वरदान. पण अडलेल्या पाण्यात प्रवाहाची खळखळ नसते, हवेतला प्राणवायू कमी मिसळतो आणि गाळ तळाशी साचत जातो. उन्हाळ्यातली पंचगंगा म्हणजे वाहत्या नदीपेक्षा एकामागोमाग एक मांडलेल्या तळ्यांची रांग अधिक असते.

रुग्ण आला की आम्ही नाडी, ताप, रक्तदाब आणि श्वास पाहतो. नदीचेही तसेच आहे. पहिली तपासणी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. स्वच्छ पाण्यात २० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात नदीचा श्वास मुळातच आखूड झालेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानाच्या पाण्यात किमान ५ आणि मासे जगण्यासाठी किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा.

दुसरी तपासणी बीओडीची. पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचे हे मोजमाप. घाण जितकी जास्त, तितका बीओडी जास्त. स्नानासाठी तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावा. याच निकषावर देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली जाते. २०१८ च्या यादीत ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत ३११ पट्टे होते आणि महाराष्ट्रातले ५५. दोन्ही वेळा आपले राज्य पहिले. पंचगंगेचा पट्टाही २०१८ च्या यादीत आहे.

तिसरी तपासणी मैलाजंतूंची, म्हणजे फीकल कोलिफॉर्मची. हे जंतू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतात. ते पाण्यात सापडले याचा अर्थ विष्ठा पाण्यात मिसळली, आणि विष्ठेच्या वाटेने येणारा कोणताही आजार त्या पाण्यात असू शकतो. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ते ५०० च्या आत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा. याखेरीज सामू, क्षारता, अमोनिया, नायट्रेट अशा तपासण्या असतात. ताज्या सांडपाण्याची पहिली चाहूल बहुधा अमोनिया देतो.

महिन्याला एक बाटली

प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी जाऊन नमुने घेते, प्रयोगशाळेत तपासते आणि आकडे प्रसिद्धही करते. काम होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अडचण वेगळी आहे. नदीवरच्या बहुतेक ठिकाणी नमुना घेतला जातो साधारण महिन्यातून एकदा. महिन्यात ७२० तास असतात. त्यांतल्या एका क्षणाची एक बाटली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा रक्तदाब महिन्यातून एकदा मोजून ‘प्रकृती ठीक’ असे लिहावे, तसा हा प्रकार होतो.

त्यातही वेळ महत्त्वाची. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात आणि रात्री तो वापरतात. त्यामुळे खत मिसळलेल्या, हिरवट पडलेल्या पाण्यात दुपारी तीन वाजता प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे पाच वाजता तो तळाला जातो. मासे पहाटे मरतात. नमुन्याची गाडी मात्र कचेरीच्या वेळेतच नदीवर पोहोचते. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याशी मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेक उन्हाळ्यांत वाचल्या आहेत. ती बातमी प्रथम देतो तो मासेमारी करणारा किंवा मोटार सुरू करायला गेलेला शेतकरी. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की नदी गुदमरते आहे हे त्याला यंत्राशिवाय कळते.

बीओडीच्या चाचणीलाच आपल्याकडे २७ अंश तापमानात तीन दिवस लागतात. जंतूंच्या चाचणीलाही दिवस मोडतात. मग अहवाल, मग संकलन. महानगरपालिकांना तर कायद्याने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी आधीच्या आर्थिक वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. ही तरतूद फार चांगली आहे. शहराची हवा, पाणी, कचरा, झाडे यांचा वर्षाचा ताळेबंद त्यातून मिळतो आणि दहा वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की सुधारणा झाली की घसरण, हे कळते. पण एप्रिलमध्ये बिघडलेल्या पाण्याची नोंद पुढच्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे जवळपास सोळा महिन्यांनी वाचायला मिळत असेल, तर तो इतिहास झाला. इतिहास आवश्यक आहे, पण त्याने आजचा ताप उतरत नाही.

रुग्णालय हे शेवटचे मोजमाप केंद्र

उशिराची किंमत काय असते, हे हिपॅटायटिस ई या काविळीवरून नीट समजते. हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून सांडपाण्यात, तिथून पिण्याच्या पाण्यात आणि पुन्हा माणसाच्या पोटात जातो. दूषित पाणी प्याल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. याचा अर्थ असा, की कावीळ झालेला पहिला रुग्ण ओपीडीत येतो, तेव्हा ज्या पाण्याने त्याला आजार दिला ते महिन्याभरापूर्वीच नळातून वाहून गेलेले असते. त्याच काळात तेच पाणी प्यालेली शेकडो माणसे अजून ठणठणीत असतात आणि पुढचे काही आठवडे एकेक करून आजारी पडणार असतात. आम्ही त्यांना थांबवू शकत नाही. फक्त वाट पाहू शकतो.

याचे अभ्यासलेले उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणीउपसा केंद्राकडे मागे सरकले. अभियंत्यांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. विषमज्वर किंवा हगवणीची साथ आली नाही. सर्व निभावले असे वाटले. डिसेंबर-जानेवारीत शहरात कावीळ पसरली आणि सुमारे २९ हजार लोकांना तिची लागण झाली. तेव्हा हा विषाणू कोणाला माहीत नव्हता. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी ती साथ हिपॅटायटिस ईची होती हे कळले. त्यातून दोन धडे मिळाले. सांडपाणीमिश्रित पाण्यात क्लोरीन घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतो आणि विषाणू निसटू शकतो. आणि नदीतला बिघाड नोव्हेंबरात दिसत होता. रुग्णालयात तो दिसायला डिसेंबर उजाडला.

आपल्या पंचगंगाकाठीही हे घडले. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली. हजारो लोकांना कावीळ झाली आणि काहींचे प्राण गेले. बहुतेक तरुण रुग्ण या काविळीतून तीन-चार आठवड्यांत बरे होतात. पण गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर गणित बदलते. अशा शंभर जणींपैकी वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठव्या महिन्यात डोळे पिवळे झालेली बाई दाखल झाली, की प्रसूतितज्ज्ञ, फिजिशियन, रक्तपेढी सगळे एका पायावर उभे राहतात. पण या विषाणूवर तिला देता येईल असे खात्रीचे औषध आमच्या कपाटात नाही. तिला वाचवण्याची खरी संधी सहा आठवड्यांपूर्वी होती, आणि ती रुग्णालयात नव्हती. ती पाण्याच्या टाकीजवळ, जलवाहिनीच्या गळतीजवळ आणि नदीकाठी होती.

रुग्णालयाला नदीचे मोजमाप केंद्र होऊ देणे, हा सर्वांत महागडा मार्ग आहे. त्यात माणसे मोजपट्टी म्हणून वापरली जातात.

लाल, पिवळे, हिरवे

मोजमाप आणि निगराणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा घेतला की मोजमाप झाले. त्या आकड्यासाठी पातळी ठरली, तो वेळेवर लोकांना कळला आणि पातळी ओलांडल्यावर कोणी काय करायचे हे आधीच नक्की असले, तरच ती निगराणी. राजाराम बंधाऱ्याच्या ३९ आणि ४३ फुटांत हे तिन्ही गुण आहेत. म्हणूनच तो आकडा जीव वाचवतो.

हे फक्त पुराच्या बाबतीतच जमते असेही नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्य यंत्रणेत कितीतरी वर्षे एक साधी पद्धत चालू आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावातल्या पाणीस्रोतांचे सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे सौम्य. सलग पाच वर्षे साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. लाल कार्ड मिळालेल्या गावात ग्रामसेवकाला, सरपंचाला आणि आरोग्य कर्मचाऱ्याला काय करायचे ते ठाऊक असते. विहिरीभोवतीचा ओटा दुरुस्त करणे, गळती काढणे, टीसीएल पावडरचा साठा ठेवणे. जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोहोचला हे घरातल्या बाईलाही कळते. त्या कार्डात फार मोठे विज्ञान नाही. पण ते सर्वांना वाचता येते, आणि लाल कार्डाची लाज वाटते.

दिल्लीतही आज तेच घडते. ज्या वझिराबादला १९५५ मध्ये सांडपाणी पोहोचले, तिथे आता यमुनेतला अमोनिया लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमच्या वर गेला की जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन कमी केले जाते आणि शहराला तसे कळवले जाते. नदी स्वच्छ झालेली नाही; पण आकड्याला कृती जोडली गेली आहे.

पाण्यासाठी दुसरी नदी

पंचगंगेच्या बाबतीत आपण आतापर्यंत वेगळी वाट धरली. कोल्हापूर शहराने काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने पाणी आणले. २०२३ च्या दिवाळीत ते शहरात पोहोचले. इचलकरंजीने आधी वारणेकडे आणि मग दूधगंगेकडे पाणी मागितले. त्या खोऱ्यांतल्या गावांनी विरोध केला. स्वच्छ पाणी हवे ही नागरिकांची मागणी रास्तच आहे. डॉक्टर म्हणून मी तिच्याच बाजूने बोलेन. पण शहरांचे पाणी दुसरीकडून येऊ लागले की घराजवळच्या नदीची विचारपूस कमी होते. आणि खाली शिरोळ तालुक्यात नदीकाठची जी गावे आहेत, त्यांना दुसरी नदी आणता येत नाही.

शिरोळ तालुक्यात कर्करोगाचे रुग्ण वाढल्याची चर्चा अनेक वर्षे आहे. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी कीटकनाशकांना. वैद्यकीय उत्तर असे, की चर्चेवरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. कर्करोगाला घडायला दहा-वीस वर्षे लागतात. रुग्ण तेव्हा कुठे राहत होता, कोणते पाणी पीत होता, शेतात काय फवारत होता, तंबाखू खात होता का, हे नोंदलेले असले आणि त्याच वर्षांतल्या पाण्याचे आकडे हाताशी असले, तरच दोन्ही शेजारी ठेवता येतात. ग्रामीण भागात अशी नोंद अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालू आहे. हे चिकाटीचे काम असते. त्याची बातमी होत नाही, पण तेच पुढच्या पिढीला उत्तर देते.

काय करता येईल?

नवे खाते नको, नवी इमारत नको. चार गोष्टी पुरेत.

पहिली, नदीच्या प्रतीसाठी इशारा आणि धोका पातळी ठरवणे. माझी सूचना सोपी आहे. बंधाऱ्यापाशी प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की इशारा, ४ च्या खाली गेला की धोका. अमोनियासाठीही अशीच रेषा. प्राणवायू, सामू, क्षारता आणि अमोनिया सतत मोजणारी उपकरणे गंगेवर बसवलेली आहेत. राजाराम, इचलकरंजी आणि तेरवाड अशा तीन ठिकाणांपासून सुरुवात झाली, तरी पहाटेचा आकडा सकाळी मिळेल.

दुसरी, पातळी ओलांडली की कोण काय करणार ते आधी लिहून ठेवणे. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडायचे का, उपसा काही तास थांबवायचा का, टँकर कुठे लावायचे, नाल्यावर तपासणीला कोणी जायचे. पुराच्या आराखड्यात हे सारे असते.

तिसरी, दोन वह्या एकत्र ठेवणे. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांच्या नोंदी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून गावपातळीपासून वर जातात, आणि त्या आता संगणकावर आहेत. पाण्याचे आकडे दुसऱ्या खात्याकडे असतात. एकाच नकाशावर दोन्ही आले, तर साथीची जागा आणि गळतीची जागा लवकर जुळेल. आमच्या बाजूने आम्हीही एक करू शकतो. केसपेपरवर रुग्णाच्या गावाचे नाव असते. पिण्याचे पाणी कुठले, याचा रकाना नसतो. तो घालायला खर्च शून्य.

चौथी, तो आकडा रोज छापणे. पावसाळ्यात धरणसाठा छापतो, त्याच चौकटीत.

तोपर्यंत घरात

नळाला अचानक वास, रंग किंवा गढूळपणा आला, तर ते पाणी पिण्यासाठी भरू नका आणि त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला व आरोग्य कर्मचाऱ्याला कळवा. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. पाणी खळखळून उकळणे हा घरातला सर्वांत भरवशाचा उपाय. क्लोरीनचे द्रावण वापरत असाल तर पाणी आधी गाळून घ्या आणि द्रावण घातल्यावर अर्धा तास थांबा. घरात गरोदर बाई असेल आणि परिसरात काविळीचे रुग्ण निघाले असतील, तर तिच्यासाठी उकळलेलेच पाणी ठेवा; बाहेरचा बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी टाळा. मळमळ, भूक मेल्यासारखी होणे, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे, यांपैकी काहीही दिसले तर झाडपाल्यात दिवस न घालवता रुग्णालयात या.

आणि पहाटे नदीवर मासे वर आलेले किंवा मेलेले दिसले, तर ठिकाण आणि वेळ लिहून, फोटो काढून ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा. दहा वाजेपर्यंत थांबू नका; ऊन चढले की प्राणवायू वाढतो आणि पुरावा निघून जातो.